गच्चीवरची तार : मुंबई उपनगरांतील संगणक-जोडणीचा इतिहास

प्रस्तावना

मुंबईच्या दळणवळणाचा इतिहास लिहिताना आगगाडी, ट्राम, तारायंत्र व दूरध्वनी यांची नोंद आवर्जून घेतली जाते. ही सर्व कामे परवानगी घेऊन व नकाशे काढून झाली, आणि त्यांचे कागद सरकारी दप्तरांत व कंपन्यांच्या संग्रहांत राहिले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या उपनगरांत १९९० नंतरच्या दोन दशकांत जी आणखी एक तार पसरली तिचा नकाशा मात्र कोणी काढला नाही. ती एका इमारतीच्या गच्चीवरून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेली, पाणी वाहून नेणाऱ्या नळांच्या आधाराने खाली उतरली, खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून घरात आली आणि संगणकाच्या पाठीमागे खोचली गेली. उपनगरांतील असंख्य कुटुंबांचा इंटरनेटशी पहिला कायमस्वरूपी संबंध या तारेने आला.

ही तार कोणी ओढली, कोणत्या वाटेने ओढली आणि तिच्यावरचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. शहराच्या संगणकीकरणाचे श्रेय सामान्यतः मोठ्या कंपन्यांना किंवा शासनाच्या धोरणांना दिले जाते. उपनगरांच्या बाबतीत हे श्रेय पुरते खरे नाही. येथील घरगुती संगणक-जाळे प्रथम विणले ते गल्लीतील केबलवाल्याने आणि त्याच्या हाताखालच्या वायरमनने. त्याच जाळ्याच्या तांत्रिक रचनेमुळे पुढे त्याचे स्वामित्व त्याच्या हातून निसटले, असे येथे दाखवावयाचे आहे.

कचेरीतील तार

संगणक एकमेकांना तारेने जोडण्याची इथरनेट ही पद्धत अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी आखली. १९८३ मध्ये तिला अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, आयट्रिपलईची, मान्यता मिळाली. योगायोग असा की, अंधेरी पूर्वेस सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीप्झ, हेही १९७३ चेच. मात्र सीप्झच्या आरंभीच्या काळात भारतातील संगणक ही मोठ्या दालनातील एकटी यंत्रे होती. एका यंत्राने दुसऱ्याशी बोलावे ही गरजच तेव्हा फारशी नव्हती.

ती गरज प्रथम ओळखली गेली ती संशोधन संस्थांत. जुहू येथे १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एनसीएसटी, स्थापन झाले. त्याचे संचालक श्रीनिवासन रमणी होते. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हा शैक्षणिक संगणक-जाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. जुहूचे हे केंद्र आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून संगणकीय पत्रव्यवहार सुरू झाला, तो देशातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी एक होय. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेपर्यंत सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाची जोडणी झाली. भारताचे 'डॉट इन' हे नामक्षेत्रही २००५ पर्यंत हीच संस्था, व २००३ नंतर तिला सामावून घेणारी सी-डॅक, सांभाळत होती. म्हणजे देशाचे परदेशाकडे उघडणारे संगणकीय दार अंधेरीच्या कुशीत होते, आणि तरीही पुढील दहा वर्षे त्या दाराशेजारच्या गल्लीतील घराला त्याचा स्पर्श झाला नाही. अंतर तारेच्या वेगाचे नव्हते. दार आणि घर यांच्यामध्ये ओढलेली तारच नव्हती.

कचेऱ्यांत तार प्रथम दिसली ती पातळ कोअॅक्शियल रूपात. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला होता. १९९३ मध्ये बँक व्यवस्थापने व कर्मचारी संघटना यांच्यात संगणकीकरणाचा करार झाल्यावर शाखांत संगणक येऊ लागले. एका शाखेतील चार-सहा यंत्रे एका सर्व्हरला जोडावयाची तर एकच काळी तार सर्व टेबलांखालून माळेसारखी फिरवीत आणि प्रत्येक यंत्रापाशी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड बसवीत. माळेच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर लागत. या माळेची लांबी १८५ मीटरपेक्षा अधिक असू नये व तिच्यात तीसपेक्षा अधिक जोड नसावेत असा दंडक होता.

या रचनेचा दोष वायरमन लोकांना पाठ झाला होता. झाडू मारताना एखादा जोड सैल झाला की एक यंत्र नव्हे, तर सगळी माळच बंद पडे. मग टेबलाखाली वाकून प्रत्येक जोड हलवून पाहावा लागे. १९९० मध्ये पिळाच्या जोड्यांच्या तारेवरील इथरनेटचे प्रमाणक निघाले आणि माळेऐवजी चांदणीची रचना आली. मधोमध हब आणि त्यातून प्रत्येक यंत्राकडे स्वतंत्र तार. एक तार तुटली तर एकच यंत्र बंद, बाकीची चालू. हा बदल वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु उपनगरांच्या दृष्टीने तो निर्णायक ठरला, कारण मधला हब ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात जाळे, ही गोष्ट याच रचनेने प्रथम आणली.

गच्चीची वाट

इंटरनेटची तार घरांपर्यंत गेली ती कचेऱ्यांकडून नव्हे. तिच्या वाटेचा उगम दूरचित्रवाणीत आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, आणि त्या दशकाच्या मध्यास मुंबईतील इमारतींत एक नवा धंदा उभा राहिला. एका खोलीत व्हिडिओ कॅसेटचे यंत्र ठेवावयाचे, त्यातून निघालेली कोअॅक्शियल तार घराघरांत न्यावयाची आणि रात्री चित्रपट दाखवावयाचा. हा धंदा एवढा वाढला की चित्रपटांचे हक्कदार मुंबई उच्च न्यायालयात गेले. 'गरवारे प्लॅस्टिक्स अँड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक' या दाव्यात न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी १९८९ मध्ये निर्णय दिला की, केबलने जोडलेल्या घरांना असे चित्रपट दाखवणे हे जनतेपर्यंत पोहोचवणेच होय. प्रेक्षक आपापल्या घरात बसलेला आहे एवढ्यावरून ते खाजगी ठरत नाही. संगणक-जाळ्याच्या इतिहासात या निकालाचे महत्त्व वेगळे आहे. इमारती-इमारतींमधून गेलेल्या तारेची गंभीर दखल न्यायसंस्थेने घेतली ती तारेच्या कायदेशीरपणाबद्दल नव्हे, तर तिच्यातून वाहणाऱ्या चित्रपटांबद्दल. तार स्वतः अजून अदृश्यच होती.

१९९१ च्या जानेवारीतील आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांची गोडी लावली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाले. आता व्हिडिओ यंत्राशेजारी गच्चीवर मोठी छत्री आली आणि एका इमारतीपुरता असलेला धंदा गल्लीभर पसरला. उपनगरांची वस्तीच अशा विस्ताराला सोयीची होती. घाटकोपरचे पंतनगर किंवा अंधेरीचे डी. एन. नगर यांसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत एकाच उंचीच्या इमारती ओळीने उभ्या होत्या. मुलुंडच्या काटकोनी रस्त्यांवर आणि बोरिवलीच्या नव्या संकुलांत तीन-चार मजली सहकारी सोसायट्या एकमेकींना जवळजवळ खेटून होत्या. एका गच्चीवरून दुसरीवर दोरी फेकता यावी इतके अंतर. दोरीला तार बांधली की काम झाले. चाळीत हे काम मजल्याच्या सज्जांवरून होई.

संगणकाच्या तारेला पुढे जे सर्व काही लागले ते या काळातच तयार झाले होते. प्रत्येक चालकाचा ठरलेला 'एरिया' होता. सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरीशी त्याची ओळख होती. गच्चीच्या किल्लीचा पहारेकऱ्याशी ठरलेला व्यवहार होता. अॅम्प्लिफायरसाठी लागणारी वीज सोसायटीच्या जिन्याच्या मीटरवरून घेतली जाई, आणि मोबदल्यात कार्यालयाला वा एखाद्या पदाधिकाऱ्याला जोडणी फुकट मिळे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारावर येऊन पैसे नेणारा मुलगा होता. एखाद्या कंपनीने हे सारे नव्याने उभारावयाचे म्हटले असते तर तिला कित्येक वर्षे लागली असती.

आठ रंगांची तार

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती दूरध्वनीवरून मिळत असल्याने इंटरनेट चालू असेतो घरचा फोन अडकून राही, आणि कॉलचे बिल वेगळे येई. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी सेवादात्यांना परवाने देण्याचे धोरण जाहीर झाले. परवान्यांचे तीन वर्ग होते : संपूर्ण देश, दूरसंचार मंडळ किंवा महानगर, आणि लहान क्षेत्र. परवाना मिळाला तरी घराच्या दारापर्यंत जाण्याची अडचण सुटली नाही, कारण त्या काळात उपनगरातील दूरध्वनीची तांब्याची तार महानगर टेलिफोन निगमच्या हाती होती. दारापर्यंत पोहोचलेली दुसरी तार केबलवाल्याची.

या दुसऱ्या तारेचा उपयोग दोन प्रकारे करता येत होता. दूरचित्रवाणीच्याच कोअॅक्शियल तारेतून केबल मोडेमच्या साहाय्याने माहिती नेणे हा पहिला. हॅथवेसारख्या कंपनीने हा मार्ग धरला. परंतु त्यासाठी तार दोन्ही दिशांना वाहणारी हवी. गल्लीतील अॅम्प्लिफायर एकाच दिशेचे होते. ठिकठिकाणी दातांनी सोलून पिळलेले आणि चिकटपट्टी गुंडाळलेले जोड होते. घराघरांतून परत येणाऱ्या क्षीण संकेतात प्रत्येक सैल जोडातून शिरलेला कचरा मिसळे व सगळा मुख्य फाट्यावर गोळा होई. चित्रात थोडी मुंग्यांची गर्दी प्रेक्षक चालवून घेतो, मोडेम घेत नाही. म्हणून जुनी तार जशीच्या तशी ठेवून तिच्या शेजारून, तिच्याच आधारावर, इथरनेटची नवी तार ओढणे हा दुसरा मार्ग अनेक ठिकाणी स्वस्त ठरला. सिफीसारख्या सेवादात्याने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्थानिक केबलचालकांमार्फतच घरगुती ग्राहकांपर्यंत सेवा नेली. याखेरीज अनेक छोटे सेवादाते व कोणाचेही नाव न लावणारे चालक होतेच.

ही नवी तार वायरमनला अपरिचित होती. कोअॅक्शियल तारेत मधोमध एक वाहक व भोवती जाळी. तिचा जोड बसवणे हे हाताच्या सवयीचे काम. येथे मात्र आठ बारीक तारा, दोन-दोनच्या चार पिळांत. प्रत्येक पिळातील दोन तारांतून परस्परविरुद्ध संकेत जातात, त्यामुळे बाहेरून दोन्हींवर सारखाच पडणारा विद्युत गोंधळ ऐकणाऱ्या टोकाला वजा होतो. जोडापाशी पीळ फार उलगडला तर हा गुण नाहीसा होतो. तेरा मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये, असे त्या काळच्या पाचव्या श्रेणीच्या तारेचे प्रमाणक सांगे.

रंगांचा क्रम हा खरा कसोटीचा भाग होता. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा ५६८-बी नावाचा क्रम उपनगरांतील शेकडो तरुणांनी पाढ्यासारखा पाठ केला. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी का घुसते, हा प्रश्न नवशिक्याला हमखास पडे. दूरध्वनीच्या जोडात मधल्या दोन खुंट्या बोलण्यासाठी राखलेल्या असत, त्यांना धक्का लागू नये म्हणून ही आखणी झाली होती. हे न कळल्याने कित्येकांनी जोड्या सरळ ओळीने लावल्या. दोन्ही टोकांना सारखाच क्रम असल्याने साध्या परीक्षकाचे आठही दिवे लागत. दहा मेगाबिटच्या जुन्या कार्डावर काम रेटून चालेही. शंभर मेगाबिटचे कार्ड आले की जोडणी मधूनच तुटे आणि दोष संगणकाला दिला जाई. वस्तुतः तिसऱ्या व सहाव्या खुंटीच्या तारा दोन निराळ्या पिळांतून आलेल्या असत. दिवे लागतात पण तार चालत नाही, हे कोडे ज्याला सुटले तो गल्लीतला 'नेटवर्किंगवाला' झाला.

ही विद्या शिकवणाऱ्या संस्था उपनगरांत होत्या. संगणक हार्डवेअरचे वर्ग रेल्वे स्थानकांच्या आसपास सर्वत्र निघाले होते, आणि २००१ पासून एमएस-सीआयटीने संगणकाची तोंडओळख राज्यभर नेली. तथापि तार ओढण्याची विद्या वर्गात पुरी मिळत नसे. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून ३०५ मीटर तारेचा खोका, पारदर्शक जोडांची पिशवी आणि क्रिम्पिंगचा पकड-सांडशीसारखा चिमटा घेऊन लोकलने परत यावयाचे आणि पहिले वीस-पंचवीस जोड वाया घालवावयाचे, हीच खरी उमेदवारी होती.

अंतराचा प्रश्न याहून कठीण. या तारेतून संकेत शंभर मीटरपर्यंतच नीट जातो. सपाटीवर शंभर मीटर पुष्कळ वाटतात. परंतु चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून निघून पलीकडच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर उतरेपर्यंत ते संपतात. म्हणून दर दोन-तीन इमारतींनंतर एक स्विच लागे. स्विच म्हटला की पेटी आली, वीज आली, आणि त्या वीजबिलाविषयी त्या सोसायटीशी बोलणे आले. शंभर मेगाबिटपर्यंतच्या इथरनेटला चारपैकी दोनच जोड्या लागत असल्याने उरलेल्या दोन जोड्यांतून पुढच्या स्विचला वीज धाडण्याची युक्ती काही चालकांनी वापरली. ती प्रमाणकात बसणारी नव्हती, पण एका सोसायटीची मनधरणी वाचवणारी होती. शंभर मीटरच्या या मर्यादेमुळेच दूर बसलेली कंपनी एकटीने जाळे चालवू शकत नव्हती. दर शंभर मीटरला ओळखीचा माणूस लागत होता.

आरंभीच्या या जाळ्यांत आणखी एक गोष्ट घडली. हबमधून सर्वांचे सर्व संकेत सर्वांकडे जात, आणि विंडोज ९८ च्या 'नेटवर्क नेबरहूड'मध्ये शेजारच्या इमारतीतील संगणकांची नावे दिसत. ज्याने आपला फोल्डर उघडा ठेवला असेल त्याची गाणी, चित्रपट आणि प्रसंगी खाजगी कागदपत्रेही कोणालाही पाहता येत. मुलांनी या वाटेने संगणकीय खेळांचे सामने लावले. ऑगस्ट २००३ मधील ब्लास्टर व मे २००४ मधील सासर हे संगणकीय किडे याच प्रकारच्या मोकळ्या जाळ्यांतून झपाट्याने पसरणारे होते. शेजार म्हणजे काय याची एक नवी, किंचित गैरसोयीची, व्याख्या या तारेने केली.

रस्ता ओलांडणे

भारतात तार ओढण्याचा मूळ हक्क १८८५ च्या भारतीय तार कायद्याने केंद्र सरकारकडे राखला होता. कायद्यातील 'तार' या संज्ञेची व्याप्ती मोठी होती. सोसायटीच्या आवारात दोन संगणक जोडण्याविषयी कोणी फिकीर करीत नसे. परंतु तीच तार सार्वजनिक रस्त्यावरून पलीकडे गेली की प्रश्न दुहेरी होई. परवाना कोणाचा? आणि रस्त्यावरील अवकाश वापरण्याची मुभा कोणी दिली? खांब व वाहिन्या रोवण्याचे अधिकार कायद्याने तार खात्याला होते, केबलवाल्याला नव्हते.

केबल दूरचित्रवाणीपुरता यावर तोडगा निघाला तो केबल टेलिव्हिजन जाळी नियमन अधिनियम, १९९५ याने. चालकाने नोंदणी करावयाची, आणि नोंदणी अधिकारी कोण, तर प्रधान टपाल कार्यालयाचे पोस्टमास्तर. उपग्रहावरून चित्रे उतरवणाऱ्या माणसाने टपाल कचेरीच्या खिडकीशी अर्ज घेऊन उभे राहावे, यात थोडी गंमत आहे. पण टपाल आणि तार ही खाती दीर्घकाळ एकत्र होती हे आठवले तर ते अगदीच विसंगत नाही. हा कायदा केबलवाल्याचे अस्तित्व मान्य करीत होता. रस्ता ओलांडण्याचा हक्क मात्र त्याने दिला नाही.

पुढील धोरणांत हीच संदिग्धता राहिली. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने केबलचालकांना आपल्या क्षेत्रात शेवटच्या टप्प्याची जोडणी देण्यास मुभा असल्याचे म्हटले. त्याच वेळी, माहितीची दुतर्फा देवाणघेवाण करावयाची झाल्यास वेगळा परवाना लागेल असेही बजावले. दुसरीकडे, इंटरनेट सेवादात्यांसाठीच्या अटींत अधिकृत केबलचालकामार्फत इंटरनेट देण्यास अतिरिक्त परवान्याची गरज नाही, असे कलम होते. गल्लीतील चालकाने या दोन वाक्यांचा अर्थ आपल्या सोयीने लावला, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही. ज्या राज्ययंत्रणेला हवे असलेले काम तो करीत होता, तिनेच त्याला अर्धा कायदेशीर व अर्धा बेकायदा ठेवले होते. या स्थितीचा फायदा ज्यांना त्रास द्यावयाचा होता त्यांना झाला. लोंबणारी तार केव्हाही कापता येई. प्रतिस्पर्ध्याने रात्रीतून कापलेल्या तारेची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जावे, तर प्रथम आपलीच तार कोणत्या परवानगीने तेथे होती हे सांगावे लागे.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी जाहीर झालेल्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची व्याख्या केली. केबलचे जाळे सेवादात्याचे 'फ्रँचायझी' जाळे म्हणून वापरता येईल, असेही त्यात म्हटले होते. या एका शब्दात केबलवाल्याचे स्थान बदलले. तार त्याची, पण परवाना, जबाबदारी आणि ग्राहक कंपनीचा.

कागदावरील या बदलाला तारेची रचना अनुकूल होती. दूरचित्रवाणीच्या एकतर्फी तारेत किती घरे जोडली आहेत हे फक्त चालकाला ठाऊक असे. तो संकेत पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीला कमी आकडा सांगे आणि उरलेले उत्पन्न स्वतःकडे ठेवी. त्याच्या स्वातंत्र्याचा आर्थिक पाया हाच होता. इथरनेटच्या जाळ्यात प्रत्येक कार्डाला स्वतःचा मॅक पत्ता असतो. तो कंपनीच्या यंत्रात नोंदवून, नाव व परवलीचा शब्द विचारल्याखेरीज इंटरनेट सुरूच होत नसे. म्हणजे मुलुंडच्या एखाद्या गल्लीत नेमकी किती घरे जोडली आहेत हे कंपनीला प्रथमच गल्लीत न जाता कळू लागले. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हीच मोजणी करण्यासाठी सरकारला २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली आणि मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही सेट-टॉप बॉक्स सक्तीची मुदत ठेवावी लागली. केबलवाल्याने इंटरनेटची तार जोडधंदा म्हणून ओढली. त्या तारेने त्याची घरे अगोदरच मोजून ठेवली.

पावसाळा आणि तार ओढणारे हात

पिळाच्या जोड्यांची ही तार मुळात इमारतीच्या आत वापरण्यासाठी आहे. दोन इमारतींमध्ये काचतंतू वापरावा असे जाणकार तेव्हाही सांगत. परंतु काचतंतू सांधण्याचे यंत्र व दोन्ही टोकांचे परिवर्तक गल्लीच्या अर्थकारणात बसत नव्हते. म्हणून आतली तार बाहेर आली, आणि उपनगराच्या हवेने तिची परीक्षा घेतली. उन्हाने वरचे आवरण ठिसूळ होई, भेगेतून शिरलेले पाणी तारेच्या आतून झिरपत जोडापर्यंत जाई आणि पितळेचे दात हिरवे पडत. आकाशात वीज कडाडली की लांब टांगलेल्या तांब्यात दाब निर्माण होऊन स्विचची दारे जळत. अनुभवी चालक वादळाची चिन्हे दिसताच मुख्य तारा उपसून ठेवी. ग्राहकाला वाटे, पाऊस आला की हे मुद्दाम नेट बंद करतात. एका अर्थी ते खरेच होते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावरची दुकाने, मीटरखोल्या व नियंत्रणकक्ष पाण्याखाली गेले. गच्चीवरच्या पेट्या पाण्याच्या वर राहिल्या खऱ्या, पण अनेक भागांत वीजपुरवठाच बंद असल्याने त्यांचा उपयोग नव्हता. सरकारी पंचनाम्यांत घरांचे व दुकानांचे नुकसान नोंदवले गेले. गच्चीगच्चीवरच्या तारेसाठी त्या नमुन्यांत रकाना असण्याचे कारण नव्हते.

त्याचप्रमाणे ती ओढणाऱ्या हातांसाठीही रकाना नव्हता. कठड्यावर उभे राहून दोरी फेकणारा, छज्ज्यावरून सरकत खिडकीपर्यंत जाणारा, ओल्या गच्चीवर अनवाणी पेटी उघडणारा मुलगा हा बहुधा त्याच परिसरातील वस्तीत वाढलेला, शिक्षण अर्धवट सुटलेला, महिन्याच्या ठोक पगारावर ठेवलेला असे. कमरेला पट्टा नाही, नेमणुकीचे पत्र नाही, विमा नाही. चालकाची नोंदणी टपाल कचेरीत होती, कारण कायद्याला धंदा मोजावयाचा होता. वायरमनची नोंद कोठेच नव्हती. या मुलांपैकी काहींनी पुढे स्वतःच्या तारा ओढल्या, काही कंपन्यांच्या देखभाल विभागात लागले. बाकीचे कोठे गेले हे शोधण्यासाठी इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तरखान्यात जाऊन उपयोग नाही. घाटकोपर वा बोरिवलीत अजून धंद्यात असलेल्या जुन्या चालकांच्या आणि त्यांच्या माणसांच्या मुलाखती हेच साधन आहे, आणि ते दरवर्षी कमी होत आहे.

पुढील घटनाक्रम थोडक्यात सांगण्यासारखा आहे. महानगर टेलिफोन निगमने २००५ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले. त्यानंतरच्या दशकात काचतंतू स्वस्त झाला आणि गच्च्यांवरील तांब्याच्या मुख्य तारांची जागा त्याने घेतली. शंभर मीटरची अट सुटली, तशी मधल्या स्विचची व त्यासाठी लागणाऱ्या ओळखीची गरजही घटली. २०१६ मध्ये तारमार्गाच्या हक्कांविषयी नियम झाले. ते परवानाधारकांसाठी होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवेतील बहुसंख्य हिस्सा घेण्याचे जाहीर केले, आणि त्यासोबत तिच्याशी जोडलेल्या स्थानिक चालकांचे जाळेही त्या उद्योगसमूहाच्या कक्षेत आले. १८८५ चा कायदा मागे सारणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत होऊन २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला.

जुनी तार मात्र काढली गेली नाही. ती उतरवण्याची मजुरी तिच्यातील तांब्याच्या किमतीहून अधिक पडते. त्यामुळे उपनगरांतील जुन्या सोसायट्यांच्या गच्चीवर आजही काळी कोअॅक्शियल, तिला बांधलेली करडी आठपदरी आणि तिच्यावरून गेलेला बारीक काचतंतू अशा तिन्ही तारा एकाच गंजलेल्या आधारावर दिसतात. इमारत पुनर्विकासाला गेली की कठड्याबरोबर त्या खाली येतात आणि भंगारवाला वजनावर घेऊन जातो.